पांढऱ्या फळीसमोर

भिंगताईनं एकही बाटली बाजूला काढली नाही असा दिवस कारखान्यात कुणाला आठवत नव्हता. पण ट्रेमधली एकूण एक बाटली बाजूला काढावी लागली, असा दिवस खुद्द भिंगताईलाही आठवत नव्हता. आज तो उजाडला होता. कारखाना इंजेक्शनच्या औषधांचा. औषध बाटलीत भरलं, वर रबराचं बूच बसलं, बुचावर पत्र्याची टोपी आवळली गेली, की बाटली तिच्यापुढे यायची. तपासणीच्या खोलीत ओळीनं कप्पे होते, प्रत्येक कप्प्यात डोक्यावर दिवा आणि समोर अर्धी पांढरी, अर्धी काळी फळी. बाटली मानेला धरायची, हलकेच उलटी करायची, एक गिरकी द्यायची, आणि बाटली थांबल्यावरही आतलं औषध फिरत असतं तेवढ्यात बघून घ्यायचं, आधी पांढऱ्या फळीसमोर, मग काळ्या. गडद कण पांढऱ्यावर दिसतो. धागा, काचेची कपची असलं फिकं काही असेल तर ते काळ्यावर. आज पहिल्याच बाटलीत पांढऱ्यावर एक गडद ठिपका आला, त्याला बारीकशी शेपटी होती, आणि तो बाजूनं सावकाश खाली उतरत गेला. तिनं बाटली लाल ट्रेमध्ये ठेवली. दुसऱ्या बाटलीत तोच, तिसरीत तोच. घाबरायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. पाठीचा कणा आपोआप ताठ झाला, श्वास हळू झाला, आणि आजूबाजूचं सगळं मागे सरकून फक्त ती, बाटली आणि दिवा एवढंच उरलं. काहीतरी मोठं बिघडलंय आणि ते आपल्याला सापडलंय, याच्याइतकं सुख तिला दुसऱ्या कशात मिळत नसे, आणि हे सुख कुणाला सांगण्यासारखं नाही हे ती जाणून होती.

कारण तिचा हा स्वभाव घरात कुणी कधी गुण म्हणून मोजलाच नव्हता. ती लहान असताना वडिलांचे साहेब एकदा घरी चहाला आले होते. सगळे अदबीनं बसलेले, आणि हिनं सरळ सांगितलं होतं, "काका, तुमचं मधलं बटण वेगळ्या दोऱ्यानं शिवलंय." आईनं मागून असा चिमटा काढला की तो दंडावर दोन दिवस राहिला. साहेब हसले, पण चहा संपेपर्यंत त्यांचा एक हात त्या बटणावरून हलला नाही. त्यांची पाठ वळताच मावशी म्हणाली, "ही पोरगी नाही गं, भिंग आहे भिंग. हिच्यापुढे बसायचं म्हणजे आधी स्वतःला झटकून घ्यावं लागेल." नाव तेव्हापासून चिकटलं. पुढे कळत्या वयात तिनं क्रोकरीच्या दुकानात काम धरलं, तर मालकानं आठवड्याच्या आत हात जोडले. "गिऱ्हाईकाला बशीवरचा फोड बोटानं दाखवणारी मुलगी ठेवून मी दुकान चालवू की बंद करू?" असं तो वडिलांना म्हणाला. घराशी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "बाळ, दिसलं तरी बोलायलाच हवं असं नसतं." ती मान डोलवायची, पण जमायचं नाही. लोकांना जशी शिंक आवरत नाही, तसं तिला दिसलेलं आवरत नसे. हे जगात कुठे खपेल असं तिला वाटेनासंच झालं होतं, आणि तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की अमुक कारखान्यात नुसतं बघायला माणसं हवी आहेत. चेष्टा वाटली होती तिला. नुसतं बघायला?

तिथे परीक्षा होती. चांगल्या बाटल्यांत ठरवून खराब बाटल्या मिसळलेल्या, त्या ओळखून काढायच्या. क्वालिटीच्या मॅडम तेव्हा नवीनच होत्या, केस घट्ट बांधलेल्या, शब्द मोजून वापरणाऱ्या. त्या बाजूला बसून बघत होत्या. शेवटची खराब बाटली हिनं वेगळी ठेवली तेव्हा मॅडमनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" "कुणीच नाही," ती म्हणाली. "सगळ्यांनी विसरायला मात्र शिकवलं." मॅडम तेव्हा पहिल्यांदा हसल्या. "इथे विसरू नका," म्हणाल्या. त्या दिवशी घरी जाताना तिला वाटलं होतं, आपल्या खोडीला या जगात एक खुर्ची आहे, वर दिवासुद्धा आहे. आईनं आजन्म जी गोष्ट चिमटे काढून दाबायला बघितली, तिच्यासाठी इथे लोक रांग लावून परीक्षा देतात आणि नापास होऊन परत जातात. केवढी गंमत. लग्न झालं तेही अशा माणसाशी, ज्याचा सगळा संसार "चालतंय की" या दोन शब्दांवर चालायचा. नवरा रंगारी. हात चांगला, माणूस त्याहून चांगला, पण घाईचा. त्यांच्या स्वतःच्या बैठकीच्या भिंतीत, दिव्याच्या बटणाखाली, रंगात ब्रशचा एक केस अडकून वाळलेला होता. तिनं दाखवल्यावर तो म्हणाला होता, "असू दे गं, ती माझी सही आहे." ती रोज दिवा लावताना तो केस बघायची आणि रोज तेवढ्यापुरती चिडायची. पण कारखान्यात ती कधी चिडली नाही. तिथे चिडायची गरजच नव्हती, तिथे लोक तिचं ऐकायचे.

आजही ऐकलंच. लाल ट्रे भरला, दुसरा लागला, तेव्हा प्रॉडक्शनचे साहेब धावत आले. जाडजूड, घामट, मनाचा मोकळा माणूस. कप्प्याशी वाकून म्हणाले, "भिंगताई, आज काय सगळ्यांवरच रुसलात?"

"मी कुणावर रुसत नाही साहेब. बाटली दाखवते ते बघते."

"अहो, पण सगळ्याच्या सगळ्या? मला तर काही दिसत नाही."

"तुम्हाला दिसलं असतं तर या खुर्चीवर तुम्हीच नसता का बसला?"

शेजारच्या कप्प्यात खुसखुस झाली. साहेब मनावर घेणाऱ्यातले नव्हते, पण डोक्याला हात लावून उभे राहिले. तिनं सावकाश समजावलं. काळ्या फळीवर काही दिसत नाही, पांढऱ्यावरच दिसतं, म्हणजे कण गडद आहे. गडद म्हणजे रबर. बूच झडतंय. साहेब म्हणाले, मशीन थांबवायचं म्हणजे खेळ आहे का, आधी दुसऱ्या कुणाकडून बघून तरी घ्या. तेवढ्यात क्वालिटीच्या मॅडम आल्या. आता त्यांच्या घट्ट बांधलेल्या केसांत बरेच पांढरे दिसत होते. त्यांनी साहेबांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिंगताई स्वतः म्हणतायत ना? मग आधी लाइन थांबवा. बुचं काढून बघा. दुसरी तपासणी होत राहील." एवढंच. बाटली उचलून बघितलीसुद्धा नाही. थोड्या वेळानं पलीकडच्या दालनातली धडधड थांबली. ती धडधड इतक्या वर्षांत तिच्या ऐकण्यातून गेलीच होती, तळपायांना तेवढी कळत असे. ती बंद पडली तेव्हा तळपायांनाच आधी कळलं. एवढं मोठं यंत्र आपल्या एका शब्दावर थांबलं. तिला एकदम आईची आठवण झाली, आणि आई आज इथे असायला हवी होती असं फार वाटलं.

मग डोळे विसावायची वेळ झाली. ठरावीक वेळ बघितलं की उठायचं, खिडकीशी जाऊन लांब कुठेतरी नजर टाकायची, असा खोलीचा नेमच होता. ती खिडकीशी उभी राहिली. समोरच्या इमारतीवर पाण्याची पांढरी टाकी होती, उन्हात झगझगीत दिसणारी. ती टाकीकडे बघत होती, मनात अजून मॅडमचं वाक्य घोळत होतं, आणि टाकीच्या बाजूनं एक गडद ठिपका, बारीक शेपटीचा, सावकाश खाली उतरत गेला. तिला वाटलं, माशी असेल. तिनं नजर वर नेली, तसा ठिपकाही वर उडाला आणि पुन्हा खाली उतरू लागला. तिनं डावा डोळा झाकला. ठिपका होता. उजवा झाकला. टाकी कोरी करकरीत. पुन्हा डावा झाकला, पुन्हा उजवा. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, ही बाई टाकीला डोळे मारतेय. तोंडात मारल्यासारखं झालं तिला. काळ्या फळीवर दिसत नव्हता तो गडद होता म्हणून नव्हे. अंधारात सावली दिसत नाही म्हणून. बाटलीत काही नव्हतंच, एकाही बाटलीत. जे होतं ते हिच्या डोळ्यात होतं, आणि हिनं ते डोळ्यांत तेल घालून दुसरीकडे शोधलं होतं.

खिडकीची चौकट हातात धरून ती उभी राहिली, आणि मन कुठल्या कुठे धावू लागलं. कुणाला कळणार होतं? बाजूला काढलेल्या बाटल्या नष्ट होतील. बुचं बदलली जातील. रबराचं काय, शोधायला बसलं की काही ना काही सापडतंच. उद्या लोक म्हणतील, भिंगताईमुळे वाचलो. आणि उजवा डोळा जरासा बारीक केला की काम भागेल, कोण बघतंय. हे सगळं तिच्या मनात इतक्या सहज आलं की तिला स्वतःचंच नवल वाटलं. इतकी वर्षं आपल्याला दुसऱ्यांचं दिसत होतं, हे आत कधी आलं होतं? पण त्या विचाराला चव नव्हती. ती परत वळली तर तिच्या कप्प्याशेजारी चष्मेवाली बसलेली. चष्मेवाली म्हणजे तिच्याच बरोबरीची, तिच्या मागोमाग नोकरीला लागलेली, कामाला चोख पण स्वभावानं बुजरी. दुसरी तपासणी तिच्याकडे आली होती. लाल ट्रेमधली एक बाटली तिनं पांढऱ्या फळीसमोर धरली होती, खाली ठेवली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा बाटली उचलली. चष्मा परत काढला. "ताई," ती हळूच म्हणाली, "मला दिसतच नाहीये. माझा चष्माच बदलायला झाला बहुतेक. तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच." आणि तिनं ती बाटली पुन्हा लाल ट्रेमध्ये ठेवून दिली. आपल्या शब्दाला इतकं वजन आलंय की त्याखाली शेजारणीचे धड डोळे दबून गेलेत, हे तिला त्या क्षणी समजलं.

"तुझा चष्मा स्वच्छ आहे," ती म्हणाली. सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "बाटल्याही स्वच्छ आहेत. कण माझ्या डोळ्यात आहे." तशीच ती दालन ओलांडून गेली, जिथे मॅडम आणि प्रॉडक्शनचे साहेब बुचांचा ढीग पुढ्यात घेऊन वाकले होते, आणि तिथेही तेच सांगितलं, न अडखळता. "बुचं चांगली आहेत साहेब. लाइन सुरू करा." साहेबांना बोलायची केवढी आयती संधी होती. पण त्यांनी तिच्याकडे बघितलं, हातातलं बूच खाली ठेवलं आणि म्हणाले, "ताई, असली माशी मला तर डोळ्यापुढे केव्हापासून दिसते. मी कधी कुणाला बोललोच नाही."

"तुम्ही बाटल्या बघत नाही ना, साहेब," ती म्हणाली.

मॅडमनी तिला तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. नवरा अंगावर रंगाचे शिंतोडे घेऊन तसाच दवाखान्यात आला. डॉक्टरनी औषधाचे थेंब घालून बुबुळं मोठी केली, दिव्यानं आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हसत खुर्ची मागे घेतली. "घाबरण्यासारखं काही नाही. वय होतं तसा डोळ्याच्या आतला गर सैल पडतो, त्याचे बारीक तुकडे तरंगतात. तुम्हाला दिसते ती त्यांची सावली. विजा चमकल्यासारखं वाटलं तर लगेच या, नाहीतर विसरून जा."

"जाईल कधी?" तिनं विचारलं.

"जाणार नाही. पण दिसायचा थांबेल. काही महिन्यांत मेंदू दुर्लक्ष करायला शिकतो."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" तो म्हणाला. ती मात्र डॉक्टरांकडेच बघत राहिली. "म्हणजे तो असेल, पण मला दिसणार नाही?" डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर. "आणि त्याच्यासारखंच दुसरं काही खरंच समोर आलं तर?" डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "बाई, इतका विचार कुणी करत नाही हो."

"मी करते," ती म्हणाली.

बाहेर पडली तेव्हा रस्त्यावर इतका उजेड होता की सगळं एकमेकांत विरघळून गेलं होतं. बुबुळं अजून मोठीच होती. दुकानांच्या पाट्या म्हणजे नुसते रंगाचे पट्टे, भिंतींना तडे नाहीत, फरशा सगळ्या एकसारख्या, समोरून येणाऱ्या माणसांचे चेहरे गुळगुळीत आणि देखणे. कुणाचं बटण वेगळं नाही, कुणाची शिवण उसवलेली नाही. नवऱ्यानं तिचं कोपर धरलं होतं. "कसं वाटतंय?" त्यानं विचारलं. "सगळं चांगलं दिसतंय," ती म्हणाली. "मग मजा आहे की," तो म्हणाला, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की हा माणूस रोज असाच चालतो, या जगातून, इतका हलका, आणि म्हणूनच तो कधी चिडत नाही. तिला त्याचा हेवा वाटला. चार पावलं तिलाही मजा वाटली, अगदी खरी, डोक्यावरची पाटी उतरवून ठेवल्यासारखी. आणि त्या मजेचीच तिला भीती वाटली. दिसेनासं होणं दुखत नाही, हे तिला माहीतच नव्हतं. उद्या आपला डोळा असाच गुपचूप सुखावला, एखाद्या ठिपक्याला म्हणाला, असू दे, हा नेहमीचाच, तर आपल्याला पत्ता तरी लागेल का? आणि त्या बाटलीतलं औषध कुणाच्या तरी दंडात जाईल, कुणाच्या तरी आईच्या, कुणाच्या बाळाच्या. घरी आल्यावर तिनं दिवा लावला. बटणाखालचा केस दिसला नाही. तिनं बोट फिरवून चाचपला तेव्हा तो लागला, आणि तिला रडूच फुटलं. नवरा मागे उभा होता. "तुला कुणी काढलंय का तिथून?" त्यानं विचारलं. नाही म्हणाली. "मग कशाला एवढं? चालतंय..." आणि तो तिथेच थांबला. तिचं बोट भिंतीवर तसंच होतं. "नाही," तो म्हणाला, "तुझ्या कामात ते चालत नाही. कळतं मला." इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं होतं, आणि तिला त्याच्याबद्दल जे वाटलं ते तिनं त्याला कधीच सांगितलं नाही.

डोळे पूर्ववत झाल्यावर मॅडमनी तिची पुन्हा परीक्षा घेतली. तीच जुनी तऱ्हा, चांगल्यात खराब मिसळलेल्या बाटल्या. ती बसली, दिवा लागला, पाठ ताठ झाली. ठिपका होताच, पण आता ती त्याला ओळखत होती. नजर हलवली की तो हलायचा, खरा कण मात्र औषधाबरोबर फिरायचा. तिनं एकेक खराब बाटली वेचून काढली, एकही सुटली नाही, एकही चांगली उगाच गेली नाही. आपण अजून तितक्याच पक्क्या आहोत हे तिला बोटांच्या टोकांपर्यंत जाणवलं, आणि ते किती गोड होतं. मॅडमनी निकाल बघितला आणि चेहऱ्यावरचा आनंद लपवला नाही. "डॉक्टरांचा शेरा आलाय, काही अडचण नाही. परीक्षेतही पूर्ण पास. उद्यापासून तुमच्या जागेवर या, भिंगताई. खोली सुनी वाटते."

ती उभीच होती. हे ऐकायलाच ती आली होती, असं तिला दारातून आत येईपर्यंत वाटत होतं. "ही परीक्षा आजच्या डोळ्याची झाली, मॅडम," ती म्हणाली. "आज तो कण मला दिसतो, म्हणून मी त्याला वजा करू शकते. ज्या दिवशी तो दिसायचा थांबेल, त्या दिवशी माझा डोळा दुर्लक्ष करायला शिकलेला असेल. तो दिवस कुठला, ते मला कळणार नाही. तुम्हालाही नाही."

"अहो, पण हे सगळ्यांचंच होतं. डॉक्टरांनी पास केलंय तुम्हाला."

"डॉक्टरांनी केलंय. परीक्षेनंही केलंय. मी नाही केलेलं."

मॅडमनी निकालाचा कागद टेबलावर ठेवला. त्यांच्याही सगळ्या आयुष्याचा नेम एकच होता, नगाबद्दल शंका आली की त्याच्याशी वाद घालायचा नाही, तो बाजूला ठेवायचा, आणि तो नेम हिनंही कधी मोडला नव्हता. त्यांनी विचारलं, "मग तुम्ही करणार काय?"

"लेबलं वाचायला बसवा मला. अक्षरं तरंगत नाहीत."

मॅडम हसायला गेल्या, पण जमलं नाही; त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या आणि तशाच राहिल्या. भिंगताई बाहेर आली. पलीकडच्या दालनात यंत्र धडधडत होतं, तपासणीच्या खोलीत सगळे दिवे लागलेले होते, आणि तिच्या कप्प्यात दुसरंच कुणीतरी बाटलीला गिरकी देत होतं. तिचे डोळे भरून आले, पण मान खाली गेली नाही. आजवर तिनं बाजूला काढलेल्या कुठल्याच नगाचा तिला इतका अभिमान वाटला नव्हता.